पाचवे शील पोटातल्या बाळासाठीही



पाचवे शील पोटातल्या बाळासाठीही आहे, एवढेच आम्हाला सांगायचे आहे. गरोदर आईने घेतलेली दारू वारेतून बाळाच्या रक्तात जाते. त्याचे कोवळे यकृत ती पचवील कसे? मेंदू तर नऊही महिने घडत असतो. १९७३ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी या विकाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिले. अशा पोराचे शाळेत लक्ष लागत नाही, पाढे ध्यानात राहत नाहीत. आपण त्यालाच ‘मठ्ठ’ म्हणतो! हा दोष औषधाने जात नाही. टाळता मात्र पूर्ण येतो.

माळशिरसच्या आयाबायांनो, ऊसतोडीने अंग ठणकले तरी घोटभरसुद्धा नको. घेतली असेल तर आजच थांबा, दवाखान्यात सांगा. दादांनो, तिला बोल लावू नका. घरात बाटलीच आणू नका. जयभीम!