एका वळणाचा धडा

भोपाळच्या ऐशबाग भागात रेल्वेमार्गावर बांधलेला एक पूल २०२५ च्या जून महिन्यात देशभर गाजला. पुलावरचा रस्ता एकाएकी असा वळला होता की, वाहन कठड्यावर आदळते की काय, अशी धास्ती पाहणाऱ्यास वाटावी. जागा अपुरी होती, शेजारी मेट्रोचे स्थानक होते, अशी कारणे पुढे आली. राज्य शासनाने आठ अभियंत्यांवर कारवाई केली; त्यांपैकी सात निलंबित झाले. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तज्ज्ञाने मोजले, तेव्हा ते वळण लोकांच्या तोंडी असलेल्या ९० अंशांचे नव्हे, तर ११८ ते ११९ अंशांचे भरले. कोनाचा आकडा बदलला. वळण मात्र होते तेथेच राहिले!

हे अभियंते अशिक्षित खचितच नव्हते. परंतु अशा पुलात रुळांवरचा भाग एका खात्याचा, दोन्ही बाजूंचे चढ दुसऱ्याचे आणि जमीन तिसऱ्याचीच असते. या सर्वांनी रेघ ओढण्यापूर्वी एकत्र बसावे, ही सवय महाविद्यालयातच लागावयास हवी. तेथे स्थापत्यशाखेचा विद्यार्थी विद्युत्‌शाखेच्या मुलास भेटतो तो बहुधा खानावळीत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला. २०१७ पासून होणाऱ्या ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ स्पर्धेत सहा विद्यार्थ्यांचा संघ लागतो आणि त्यात एक तरी विद्यार्थिनी असावी लागते. उपक्रम स्तुत्य होय. तथापि एकाच शाखेचे सहा मित्र जमवून, एकाने नकाशा काढावा, दुसऱ्याने अहवाल लिहावा आणि उरलेल्यांनी चहा आणावा, याला संघकार्य कसे म्हणावे?

अभ्यासास विषय हवा असेल, तर त्याच भोपाळातला कोलार रोड आहे. कोलार धरणाच्या दिशेने जाणारा हा रस्ता आज वसाहतींनी गजबजला असून सहापदरी झाला आहे. १९६० साली स्थापन झालेली आजची मौलाना आझाद राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थाही तेथून दूर नाही. स्थापत्य, विद्युत्, वास्तुकला व संगणक या शाखांतील एकेक विद्यार्थी घेऊन त्यांच्याकडून या रस्त्याचे २०५० सालचे चित्र काढून घ्यावे. लोकवस्ती वाढल्यावर पाण्याची नळी कोठून न्यावी? ती दुरुस्त करताना रस्ता पुन्हा खणावा लागू नये, यासाठी आज काय योजावे? मुसळधार पावसाचे पाणी कोणीकडे वाहील? विजेवरच्या बसगाड्या कोठे उभ्या राहतील?

आणि कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी त्या चौघांनी एका सकाळी शाळकरी मुलाबरोबर तो सहापदरी रस्ता पायी ओलांडून पाहावा.