गुलाबाची कलमे घ्यावीत कुठून आणि कशी?

(पालम येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पालमला बोलावणे आले तेव्हा विषय 'गुलाबाची लागवड' असा कळविण्यात आला होता. मी तो जरा आखूड करून घेतला. खड्डा किती खोल घ्यावा, शेणखत किती टाकावे हे आपल्याला घडीपत्रिकेत वाचायला मिळते. पण खड्डा खणण्याच्या आधी कलम विकत घ्यावे लागते आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. सोयाबीनचे बियाणे चुकले तर एक हंगाम जातो. गुलाबाचे झाड नीट जपले तर पाच-सहा वर्षे सहज फुले देते, म्हणून चुकीचे कलमही तितकीच वर्षे शेतात बसून राहते.

सुरुवात घरच्या गोष्टीनेच करतो. वीसएक वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाने दहा गुंठ्यांत गुलाब लावला. बाजाराच्या दिवशी टेम्पो घेऊन आलेल्या एका विक्रेत्याकडून आठशे कलमे घेतली. प्रत्येक पिशवीत एकेक लालभडक टपोरे फूल होते. जात विचारली तर 'ग्लॅडिएटर' म्हणाला. पावती मागितली नाही, त्याने दिली नाही. पैसे कापसाचे होते, बहिणीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले. दिवाळीपर्यंत तिसरा हिस्सा झाडे वाळली. उरलेली मात्र अशी फोफावली की पाहणारा थांबायचा. मी तेव्हा कृषी पदविकेला होतो. सुट्टीत गेलो, बांधावर उभा राहिलो आणि म्हणालो, "दादा, झाडे जोमात आहेत." तो जोम खुंटाचा होता. वर भरलेला डोळा केव्हाच मेला होता आणि खालचा रानगुलाब वाढत होता. पुढच्या वर्षी बऱ्याच झाडांना फूलच आले नाही. ज्यांना आले ते लहान, फिकट, हारवाल्याने हातात न धरण्यासारखे. दादा मला कधी बोलला नाही. पण शिकलेल्या भावाने पाहून बरे म्हटले म्हणून त्याने ती झाडे आणखी एक वर्ष पोसली, हे मला ठाऊक आहे.

तेव्हा कलम म्हणजे काय हे आधी समजून घेऊ. विकत मिळणारा गुलाब बहुधा दोन झाडांचा असतो. खाली मुळे असलेला रानटी गुलाबाचा खुंट आणि त्याच्या सालीत बसवलेला चांगल्या जातीचा एक डोळा. आपल्याकडे डोळे भरण्याचे काम साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या दिवसांत चांगले साधते. डोळा फुटला की त्याच्या वरचा खुंट छाटतात. हा जोड कलमावर स्पष्ट दिसतो. तिथे खोड किंचित वाकडे आणि जाड असते. खरेदीच्या वेळी पहिली नजर फुलावर न जाता या जोडावर गेली पाहिजे. जोडाच्या वर निदान एक पिकलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी हवी. जोडाच्या खालून फुटवा निघाला असेल तर तो खुंटाचा समजावा. पाच पानांचा तो कलमी आणि सात पानांचा तो रानटी असा एक ठोकताळा गावोगाव ऐकू येतो. त्यावर भरवसा ठेवू नका, चांगल्या जातींनाही सात पर्णिकांची पाने येतात. फुटवा कुठून निघाला एवढेच पाहा.

खुंट कोणता, हा प्रश्न रोपवाटिकेत फार थोडे लोक विचारतात. आपल्या भागासाठी तो महत्त्वाचा आहे. पालम तालुक्यातली बरीचशी जमीन काळी, भारी, आणि ठिकठिकाणी चुनखडी असलेली. अशा जमिनीत गुलाबाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कारण जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. 'रोझा इंडिका' हा खुंट किंचित विम्ल जमीन बऱ्यापैकी सहन करतो. 'मल्टिफ्लोरा' हा खुंट अशा जमिनीत मागे पडतो. 'नेटल ब्रायर' हा मुख्यतः हरितगृहातल्या लागवडीसाठी वापरतात. विक्रेत्याला आपल्या खुंटाचे नाव सांगता आले नाही, तर त्याने ती कलमे दुसऱ्याकडून आणली आहेत असे धरून चाला. माती तपासून घ्या, परीक्षणाचा अहवाल खिशात ठेवा आणि मगच कलमे पाहायला निघा.

आता जात. जात ठरते ती आपल्या गिऱ्हाइकावरून. पालमच्या शेतकऱ्याला जवळची मोठी बाजारपेठ नांदेडची. तिथे गुरुद्वाऱ्यामुळे फुलांना वर्षभर मागणी राहते. परभणीला फेब्रुवारीत उरूस असतो, परळी-औंढ्याच्या देवस्थानांना श्रावण आणि महाशिवरात्रीला फुले लागतात. ही सगळी मागणी प्रामुख्याने हाराच्या, सुट्या फुलांची आहे. सुट्या फुलाला दांडी लागत नाही. वजन, रंग आणि सतत फुलण्याचा गुण लागतो. लांब दांडीचे फूल कागदात गुंडाळून विकायचे असेल तर उघड्या शेतावर ग्लॅडिएटर ही महाराष्ट्रात जुनी, अनुभवाची जात आहे. गुलाबी रंगात क्वीन एलिझाबेथ काटक आहे. सुपरस्टारचा शेंदरी रंग डोळ्यांत भरतो, पण तिला भुरी लवकर धरते. ताजमहाल, फर्स्ट रेड, बोर्डो ही नावे आपण लग्नाच्या मांडवात ऐकता. त्या हरितगृहाच्या जाती आहेत. त्या मे महिन्याच्या उघड्या उन्हात लावून 'बियाणे खराब निघाले' म्हणणे बरोबर नाही.

देवस्थानावर अवलंबून असलेल्या पिकाला एक धोका असतो, तोही ध्यानात असू द्या. २०२० मध्ये कोविडमुळे मंदिरे बंद झाली आणि २०२१ मध्ये पुन्हा झाली. तोडलेल्या फुलाला कोणी विचारीना. म्हणून पहिल्याच वर्षी सगळे रान गुलाबाखाली घालू नये असे माझे मत आहे.

खरेदी कुठे करावी? आपल्याकडे कलमे येतात ती मुख्यतः दोन बाजूंनी. एक पुण्याकडून. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या परिसरात रोपवाटिकांची रांगच आहे. दुसरी आंध्रातून, राजमहेंद्रीजवळच्या कडियम भागातून. गंमत अशी की आपल्या तालुक्यातून वाहणारी गोदावरीच पुढे त्या कडियमच्या रोपवाटिकांना पाणी पुरवते. दोन्हीकडे चांगला माल असतो आणि टाकाऊही असतो. टेम्पोत आणि हातगाडीवर चढतो तो बहुधा निवडून उरलेला. पण माल चांगला असला तरी मातीचा गोळा पाहून घ्या. चिकणमातीची घट्ट हुंडी आपल्या काळ्या रानात बसवली की दोन्ही माती एकजीव होत नाहीत. रान उन्हाने भेगाळते, हुंडी कडक होते आणि मुळे आतल्या आत गुरफटतात. दादाची तिसरा हिस्सा झाडे याच कारणाने गेली असावीत. अशी हुंडी लावण्यापूर्वी पाण्याने भिजवून कडा हलक्या हाताने सैल कराव्यात.

मी सांगेन ती पद्धत थोडी वेळखाऊ आहे. ऑक्टोबरमध्ये छाटणी झालेल्या गुलाबाला साधारण दीड महिन्याने बहर येतो. म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरात रोपवाटिकेत जा आणि "मातृवृक्ष दाखवा" म्हणा. ज्या झाडावरून डोळे घेणार ते झाड फुलावर असताना डोळ्यांनी पाहा. जे झाड दाखवत नाहीत, फक्त रंगीत चित्र दाखवतात, त्यांचा चहा पिऊन परत या. झाड पसंत पडले तर डोळे भरण्याच्या आधीच मागणी नोंदवा, थोडी विसार रक्कम द्या आणि जात, खुंट, संख्या, देण्याचा महिना हे पावतीवर लिहून घ्या.

या पावतीबद्दल एक गोष्ट. रोपवाटिकेच्या दारात परवान्याची पाटी दिसली की आपण निर्धास्त होतो. पण राज्याचा १९६९ चा रोपवाटिका कायदा फळझाडांच्या कलमांसाठी आहे. गुलाब त्यात येत नाही. ती पाटी आंब्या-पेरूची आहे, गुलाबाच्या जातीची हमी नव्हे. तक्रारीची वेळ आली तर हाताशी राहते ते पक्के बिल. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बियाण्याच्या एका प्रकरणात शेतकरी हा ग्राहकच आहे असा निर्वाळा दिला, त्यामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. मात्र बिलाशिवाय तिथे काय दाखवणार?

कलम हातात आल्यावर खोडावर पांढरट खवले दिसतात का, शेंडा काळा पडून खाली वाळत येतो का, हे पाहा. शंभरातली तीन-चार कलमे पिशवी फाडून मुळे तपासा. मुळांवर बारीक गाठी असतील तर सूत्रकृमी आहेत. जमिनीलगत खोडावर खडबडीत मोठी गाठ असेल तर तो जिवाणूचा रोग. दोन्ही आपल्या रानात एकदा आले की जात नाहीत, म्हणून तो सगळा गट नाकारावा. विक्रेता कुरकुर करील, करू द्या.

मघाशी एका ताईंनी विचारले की किती कलमे घ्यावीत. चार फूट बाय तीन फूट अंतर धरले तर एका झाडाला बारा चौरस फूट जागा लागते. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. पायवाट सोडून नऊशेच्या आत झाडे बसतात. नांग्या भरायला शेकडा पाच-दहा जास्त घ्या. पण ताई, पहिल्या वर्षी दोन-तीन जातींची पन्नास-पन्नासच लावा. कुठली आपल्या पाण्यावर टिकते आणि कुठल्या फुलाला नांदेडचा व्यापारी भाव देतो, ते कळले की मग वाढवा. भारी रानात भर पावसात न लावता पावसाचा जोर ओसरल्यावर, उंच वरंब्यावर लावा. आणलेली कलमे आठ-दहा दिवस झाडाच्या सावलीत ठेवा. प्रवास रात्रीचा आणि ताडपत्री ओली असावी.

दुसऱ्या वर्षापासून विकत घ्यायची गरजही राहू नये. गावठी गुलाब तर फाटे कलमावरच येतो. कलमी जातीसाठी पावसाळ्यात इंडिकाच्या काड्या लावून ठेवा आणि थंडीत स्वतःच्या पसंतीच्या झाडाचे डोळे भरा. जुन्या जातींबाबत यात अडचण नाही. नोंदणी झालेल्या नव्या जाती विक्रीसाठी वाढवायच्या तर मालकाची परवानगी लागते. डोळकाडीला जागा फार लागत नाही. दुसरे महायुद्ध सुरू होताना फ्रान्सच्या मेयाँ घराण्याने आपल्या एका नव्या गुलाबाच्या डोळकाड्या परदेशी धाडल्या. तोच गुलाब १९४५ मध्ये अमेरिकेत 'पीस' या नावाने बाहेर पडला आणि आज आपल्याकडच्या बागांतही दिसतो. आपल्याला तर पालमहून नुसते गंगाखेडपर्यंत न्यायच्या आहेत.

आता बोलणे पुरे. बाहेर लिंबाखाली मी बारा कलमे आणून ठेवली आहेत. त्यातली पाच घेण्याजोगी नाहीत. चला, कोणती ते आपण ओळखा. पिशव्या फाडायला हरकत नाही.