कोपऱ्यातले नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 निमंत्रण द्यायला आलेल्या भगिनी म्हणाल्या, "तुम्ही ताडोब्याच्या वाघांचे फोटो काढता, त्याविषयीच बोला." मी होकार दिला खरा, पण जंगलातल्या गमती सांगण्यापेक्षा ते काम मला मध्यंतरी नकोसे का झाले, हेच सांगावे असे वाटते. आज आपल्या प्रत्येकीच्या हातात कॅमेरा आहे. तेव्हा ही गोष्ट माझ्या एकटीची नाही.

मी फोटो काढायला शिकले ते घरच्या स्टुडिओत. लग्न, बारसे, शाळेचा वर्ग, ओळखपत्र, हीच तिथली कामे. ज्याचा फोटो काढला त्याच्या हाती तो द्यायचा, हा तिथला रिवाज. पाठीमागे स्टुडिओचा लहानसा शिक्का असे. तेवढेच आमचे नाव.

पुढे मला वाघाचे वेड लागले. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. हे सारे आपल्या दाराशी. पण मी कॅमेरा घेऊन मोहर्लीच्या फाटकातून आत गेले ती चाळिशी जवळ आल्यावर. पहिला वाघ पाहिला तेव्हा हात इतके थरथरले की एकही फोटो धड आला नाही. तरी त्या दिवसाइतका आनंद मला पुन्हा झाला नाही.

कोणी हितचिंतकाने सांगितले, "हे फोटो इन्स्टाग्रामवर टाका. रोज टाका. कोपऱ्यात आपले नाव घाला. आजकाल माणसाने स्वतःचाच ब्रँड करावा लागतो." मी सहा वर्षे हे इमानेइतबारे केले. चितळ दिसले, रानकुत्री दिसली, तरी मी ड्रायव्हरला "पुढे चला" म्हणे. कारण लोकांना वाघ हवा. त्यातही नाव असलेला वाघ हवा. 'माया' वाघिणीला तर देशोदेशींचे चाहते होते. रात्री घरी आले की जेवण बाजूला ठेवून किती जणांनी पसंतीची खूण केली, ते मोजीत बसे. खुणा कमी पडल्या तर वाटे, वाघच आज नीट बसला नाही!

इन्स्टाग्राम २०१० साली निघाले तेव्हा ते फोटोंचेच दालन होते. २०२१ साली त्याच्या प्रमुखानेच जाहीर केले की, ते आता केवळ फोटोंचे राहिलेले नाही. हलती चित्रे हवीत. मग मीही जंगलाकडे पाठ करून कॅमेऱ्याकडे तोंड केले आणि बोलू लागले. फोटो मागे राहिला आणि मीच पुढे आले.

३१ डिसेंबर २०२४ रोजी आपल्या शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात 'एफ-२' नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवले गेले. ती दृश्ये आपण पाहिली असतील. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. त्या गर्दीत मी नव्हते. पण भगिनींनो, खरे सांगते, मी असते तर माझीही गाडी मागे हटली नसती. ही जाणीव मला फार लागली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटनक्षेत्रात मोबाईल वापरण्यास मनाई केली, तेव्हा अनेक जण चिडले. मला मात्र सुटल्यासारखे वाटले.

पण खरा धक्का त्याआधीच, मे २०२५ मध्ये बसला होता. त्या महिन्यात सिंदेवाही तालुक्यात मेंढा-माल येथे तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. उन्हाळ्यात आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या किती घरांची मीठमिरची मोहफुलांवर आणि तेंदूपत्त्यावर चालते, हे मी आपल्याला काय सांगावे? त्या बातम्या ताज्या असतानाच दुसऱ्याच एका गावचा एक तरुण माझ्याकडे आला. त्याचीही आई काही दिवसांपूर्वी तशीच गेली होती. तो म्हणाला, "ताई, तुमी वाघाचे फोटो काढता म्हने. आमच्या गावावरूनच जाता. मायचा एखादा फोटो असन का तुमच्यापाशी? तेरवीले लावाले पायजे."

मी सहा वर्षे त्या गावावरून गेले होते. रस्त्याच्या कडेला डोक्यावर भारे घेऊन चाललेल्या बाया रोज दिसत. वाघांचे हजारो फोटो मी चाळले, कारण त्याला तोंडावर नाही म्हणवेना. एकही नव्हता. शेवटी आधार कार्डावरचा नखाएवढा फोटो मोठा करून दिला. चेहरा पुसट आला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि पैसे विचारले.

त्यानंतर कॅमेरा कायमचा ठेवून द्यावा असे मनात आले. तेव्हा होमाई व्यारावाला यांची आठवण झाली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाई देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले गेले. पुढे नेहरूंपासून सर्वांचे फोटो त्यांनी काढले. १९७० साली, नव्या छायाचित्रकारांचे वागणे पटेना म्हणून, त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो ठेवलाच. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, पण पुन्हा कॅमेरा उचलला नाही. मी विचार केला: तीसएक वर्षे सचोटीने काम करून त्यांनी हात थांबवला, मी मात्र नुसती रुसून थांबणार. ते काही खरे नव्हे.

आणि जंगलातही नावावाचून काम होतेच की! झाडाला बांधलेल्या वनखात्याच्या कॅमेऱ्यांत वाघाचा फोटो आपोआप निघतो. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, म्हणून त्यांवरून गणना होते. त्या फोटोंच्या कोपऱ्यात कोणाचेच नाव नसते. पण वाघाच्या सर्वांत उपयोगी पडले ते तेच.

माझा राग पर्यटनावर नाही. मोहर्लीकडच्या मुली आज मार्गदर्शक होऊन घर चालवतात. फोन टाकून द्या असेही मी म्हणणार नाही. वाघ गावाजवळ आल्याची खबर त्याच फोनवरून चार घरी पोचते. माझे म्हणणे एवढेच, की फोटो काढताना तो कोणासाठी, हे मनाला विचारावे.

आता मी जंगलाकाठच्या गावांत, वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या बाजूलाही, जाते. बायांना विचारून त्यांचे फोटो काढते आणि पुढच्या खेपेला कागदावर छापून त्यांच्या हाती देते. पहिल्यांदा त्या लाजतात. मग आतून ठेवणीतले लुगडे नेसून येतात.

आजही मी कॅमेरा आणला आहे. अल्पोपाहारापूर्वी आपण प्रत्येकीने दोन मिनिटे खिडकीपाशी उभे राहावे. महिन्याभरात फोटो मंडळात पोचतील. कोपऱ्यात माझे नाव नसेल. पाठीमागे तुमचे असेल.