ताडोबाच्या उन्हात कॅमेरा



मे महिना.
चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या घरात.
तरीही ताडोबात छायाचित्रकारांची गर्दी असते,
कारण याच दिवसांत वाघ पाणवठ्यावर येतात.

पण बहुतेक कॅमेरे 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठीच बनवलेले असतात.
त्यात काळी बॉडी उन्हात आणखी तापते.

म्हणून जाणकार छायाचित्रकार कॅमेऱ्यावर पांढरा सुती पंचा टाकतात.
लांबलचक व्हिडिओ टाळतात,
कारण त्याने सेन्सर आतूनच तापतो.

सर्वांत मोठा धोका मात्र जंगलात नाही,
उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत आहे!
काचा बंद असतात, ऊन थेट डॅशबोर्डवर येतं.
तिथे बॅटरी फुगू शकते.
फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करूच नये.

पुन्हा एकदा, श्रोतेहो:
कॅमेरा सावलीत,
बंद गाडीत कधीच नाही.

आणि तापलाच, तर फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नका.
आत दव धरतं.
बॅटरी काढा,
आणि सावलीत त्याला हळूहळू निवू द्या.