ओळ कोठे संपते?

तापीकाठचे बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे शहर. मागावर धोटा उभ्या ताण्यातून आडवा धागा नेतो आणि विणलेले कापड त्याबरोबर किंचित पुढे सरकून रुळावर गुंडाळले जाते. या दोन निरनिराळ्या क्रिया होत. धोटा धावत राहिला आणि कापड अडले, तर धागे एकाच जागी दाटून बसतात.

मुद्रणयंत्राचेही तसेच आहे. ओळ संपली की लिहिणाऱ्याचा हात सहजच डावीकडे आणि खाली वळतो. यंत्राला मात्र ही दोन कामे वेगळी सांगावी लागतात: एक, ओळीच्या आरंभाकडे परतणे, दुसरे, कागद एक ओळ पुढे सरकविणे. टंकलेखन यंत्राची दांडी दोन्ही कामे एकदमच करी. दूरमुद्रकाला दोन स्वतंत्र संकेत लागत. परतण्याचा संकेत आधी देत, कारण छापणाऱ्या भागास डावीकडे पोहोचण्यास वेळ लागे. तेवढ्यात कागद सरके. पुढे १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या आस्की संकेतावलीत परतण्यास १३ आणि सरकण्यास १० हे क्रमांक मिळाले.

पुढे मतभेद झाला. युनिक्स प्रणालीने ओळीच्या शेवटी केवळ १० क्रमांकाची खूण पुरेशी मानली. १९८१ च्या एमएस-डॉसने दोन्ही ठेवल्या. हा मतभेद कागदावर उघडा पडतो.

एखाद्या कारखान्यातील विणकरांचे मजुरीपत्रक छापावयाचे आहे असे समजू. मुद्रकाला केवळ सरकण्याचा संकेत मिळाला, तर पहिले नाव जेथे संपले तेथूनच, एक ओळ खाली, दुसरे सुरू होते. मजकूर जिन्यासारखा उतरत जातो आणि मजुरीचे आकडे उजव्या कडेबाहेर नाहीसे होतात. केवळ परतण्याचा संकेत मिळाला, तर एका विणकराच्या रकमेवर दुसऱ्याची रक्कम छापली जाते. संगणकाने दोन्ही संकेत पाठविले आणि मुद्रकानेही आपल्याकडून कागद सरकविला, तर प्रत्येक ओळीनंतर एक ओळ कोरी राहते आणि कागद दुप्पट लागतो.

आज्ञावली लिहिणाऱ्यालाही सावध राहावे लागते. पायथॉन भाषेतील छपाईची आज्ञा मजकुरामागे नव्या ओळीची खूण आपणहून जोडते. नाव एका आज्ञेने आणि रक्कम दुसरीने छापली, तर दोन्ही दोन ओळींवर जातात. ती खूण नको असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते. उलट, शेवटच्या ओळीमागे खूणच नसेल, तर कित्येक मुद्रक ती ओळ आपल्या स्मृतीत अडवून ठेवतात. आणि पत्रकातील शेवटचे नाव कागदावर उमटतच नाही.

या खुणा कागदावर दिसत नाहीत, म्हणून त्यांचा विसर पडतो. परंतु कोणाची रक्कम कोणाच्या नावापुढे उमटावी, हे त्यांच्यावरच अवलंबून असते. यास्तव ओळ कोणी संपवावयाची, आज्ञावलीने, संगणकाच्या प्रणालीने की मुद्रकाने, हे आधी ठरवावे. आणि ते काम एकाकडेच सोपवावे.