मोटारीचं तेल गळतं कुठून?

कोकणातल्या कौलारू घरात ज्यांचं बालपण गेलं असेल त्यांना एक गोष्ट सांगायला नको. पहिल्या पावसात देवघरात टपटप सुरू झाली म्हणून माणूस देवघरावरची कौलं परतायला चढतो, तर ती सगळी शाबूत! फुटकं कौल असतं चार हात वर, आढ्याजवळ. तिथून आत शिरलेलं पाणी वाशाच्या अंगानं गुपचूप खाली येतं आणि सोयीची जागा मिळाली की पडतं. मोटारीच्या इंजिनातून गळणाऱ्या तेलाचा स्वभाव नेमका असाच आहे. थेंब पडतो एकीकडे, वाट फुटलेली असते दुसरीकडे. आणि दुरुस्तीचे पैसे बहुधा थेंब पडतो तिथेच खर्च होतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार.

आमच्या शेजारी नाना राहतात. त्यांची लहान पेट्रोल गाडी बारा वर्षांची आहे. वहिनींना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, तेव्हा ही गाडी त्या घरात चैनीची वस्तू नव्हे. मागच्या उन्हाळ्यात, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथून तेल ठिबकू लागलं. नानांनी एका गॅरेजात दाखवलं. तिथल्या माणसानं गाडीखाली डोकं घातलं, थेंब पाहिला आणि निदान सांगून टाकलं : "क्रँकचं मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तीन दिवस गाडी ठेवा." सीलची किंमत थोडी, पण त्याच्यापर्यंत पोचण्याची मजुरी कितीतरी पट. नाना माझ्याकडे आले. "मास्तर, तुम्ही इतकी वर्षं यंत्रशाळेत शिकवलंत. हो म्हणण्यापूर्वी एकदा बघता का?"

आम्ही प्रथम रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा सरकवला आणि पुढची चाकं कुठे येतात त्याच्या खुणा केल्या. सकाळी पुठ्ठा पाहिला की दोन प्रश्न सुटतात. एक, थेंब साधारण कुठल्या भागाखाली पडतो. आणि दोन, तो थेंब आहे कशाचा. इंजिनाचं तेल नवं असताना मधासारखं, जुनं झालं की काळपट. गिअरबॉक्सच्या तेलाला पुष्कळदा गंधकासारखा उग्र वास येतो. रेडिएटरमधलं कूलंट हिरवं किंवा तांबडं असतं. आणि ए. सी. चालवल्यावर पडणारं स्वच्छ पाणी हे दुखणंच नव्हे; त्यापायी धावत गॅरेजात गेलेली माणसं मी पाहिली आहेत. नानांच्या पुठ्ठ्यावरचा डाग इंजिनाच्या तेलाचाच होता.

थोडंसं गळलं तर बिघडलं कुठे, असं कुणी म्हणेल. जरा हिशेब करून पाहू या. ढोबळ मानानं वीस-पंचवीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. दर दहा सेकंदांना एक थेंब पडला तर तासाला 360 थेंब, म्हणजे सुमारे 15 मिलिलिटर. चालत्या गाडीत रोज दहा तास हे चाललं, तर आठवड्यात एक लिटर गेलं. लहान गाडीच्या इंजिनात तेल असतं तीन-साडेतीन लिटर. डॅशबोर्डावरचा तांबडा दिवा तेलाचा दाब पडल्यावर लागतो, पातळी कमी झाल्यावर नव्हे. तो लागेपर्यंत बेअरिंगांचं नुकसान सुरू झालेलं असू शकतं. दुसरा धोका आगीचा. इंजिन ऑइलची वाफ साधारण 200 अंश सेल्सिअसच्या पुढे ठिणगीनं पेट घेऊ शकते आणि धुराची नळी त्याहून पुष्कळ तापते. सिग्नलला थांबल्यावर बॉनेटखालून जळक्या तेलाचा वास किंवा निळसर धूर येत असेल, तर ते काम उद्यावर टाकू नका.

आता शोध. पहिलं काम पाना हातात घेण्याचं नव्हे, चिंधी हातात घेण्याचं. वर्षानुवर्षं साचलेल्या तेलकट धुळीत नवी गळती दिसत नाही. इंजिन पूर्ण थंड करून, बॅटरीची तार काढून, विजेच्या भागांवर प्लॅस्टिक बांधून, ब्रश आणि डीग्रीझरनं आम्ही इंजिन वरपासून खालपर्यंत पुसून काढलं. ते वाळल्यावर संशयित सांध्यांवर चक्क अंगाला लावायची टाल्कम पावडर शिंपडली. युक्ती जुनी आहे. पांढऱ्या पावडरीवर तेलाची ओली रेघ लगेच उमटते. हल्ली तेलात मिसळायचा रंग मिळतो, तो अतिनील प्रकाशाच्या विजेरीखाली चमकतो. तोही चांगला, पण आमचं पावडरीवर भागलं. मग नाना गाडी घेऊन दहा-पंधरा किलोमीटर फिरून आले.

गाडी परत आल्यावर बघायचं वरून खाली, उलट नव्हे. तेलाला दोनच वाटा ठाऊक असतात : खाली उतरायचं, आणि गाडीखालच्या वाऱ्यानं मागे सरकायचं. म्हणून ओलाव्याची सर्वांत वरची आणि पुढची जागा सापडली की चोर सापडला. नानांच्या इंजिनाच्या अगदी माथ्यावर, टॅपेट कव्हरच्या गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यात, पावडर भिजली होती. तिथून एक बारीक रेघ इंजिनाच्या अंगावरून उतरून गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या डब्यावर आली होती. मागचं सील या डब्याच्या आत, पुष्कळ खाली असतं. त्याचं तेल उलटं वर चढून डब्याच्या माथ्यावर येणार नाही. माथा ओला असेल, तर निदान वरचा एखादा सांधा आहे असंच समजावं. वरचं सगळं कोरडं असून फक्त डब्याच्या खालच्या फटीतून ठिबकत असेल, तर मात्र सीलवर संशय घ्यायला जागा आहे. क्लच घसरत असेल तर अधिकच.

(जाता जाता : अ‍ॅम्बॅसडरच्या जुन्या 1489 सी. सी. इंजिनात मागे रबरी सीलच नव्हतं. क्रँकवर आट्यांसारखी खाच असे आणि ती फिरताना तेल आत परतवी. त्या गाडीनं उभ्या जागी दोन थेंब टाकले तर ते दुखणं नव्हतं, वळण होतं.)

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण. त्याच्याखाली जे पॅकिंग असतं ते जुन्या गाड्यांत बुचाचं असे, हल्ली रबराचं असतं. बूच आक्रसतं, रबर उष्णतेनं टणक होतं. नानांच्या गाडीचं पॅकिंग काढलं तेव्हा ते वाकवताच काडीसारखं मोडलं. असं पॅकिंग झिरपू लागलं की लोक काय करतात? बोल्ट आणखी आवळतात. पत्र्याचं झाकण असेल तर ते बोल्टच्या भोकांशी खाली दबतं आणि मधल्या भागात उचललं जातं. गळती होती त्याहून वाढते.

पण पॅकिंग बदलण्यापूर्वी इंजिनाचा उच्छ्वास तपासा. पिस्टनच्या कडेनं थोडा वायू नेहमीच खाली उतरत असतो. त्याला बाहेर पडायला ब्रीदर पाइप आणि पी. सी. व्ही. व्हॉल्व्ह असतो. जुन्या गाड्या हा वायू सरळ हवेत सोडत. कॅलिफोर्नियात 1961 च्या गाड्यांपासून तो परत इंजिनातच जाळण्याची व्यवस्था आली आणि पुढे सगळीकडे रूढ झाली. ही वाट काजळीनं तुंबली तर आतला दाब वाढतो आणि तेलाला सर्वांत कच्च्या सांध्यातून बाहेर ढकलतो. मग पॅकिंग कितीही नवं घाला! इंजिन मंद चालू ठेवून तेल भरायच्या तोंडावर कागदाचा कपटा धरावा. बहुतेक इंजिनांत तो हलकेच ओढला जातो. जोरानं उडू लागला तर वाट तुंबली आहे, किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. नानांचा व्हॉल्व्ह काजळीनं चिकटला होता. तोही बदलला, पॅकिंगच्या मानानं तो खर्च काहीच नव्हता.

पॅकिंग बसवताना खरी मेहनत असते ती सफाईची. डोक्याची धातू अ‍ॅल्युमिनियमची असेल तर पटाशी लावू नका, चरे पडतात. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरा. तेल परतीच्या भोकांत चिंधी कोंबा, म्हणजे जुने तुकडे आत पडणार नाहीत. आणि काम झाल्यावर ती चिंधी काढायला विसरू नका. रबरी पॅकिंग कोरडंच बसवायचं. सिलिकॉनचा ठिपका फक्त कोपऱ्यांत, जिथे दोन सांधे मिळतात तिथे, तोही गाडीच्या पुस्तकात सांगितला असेल तर. हौसेनं सगळीकडे लेप दिला की त्याचे धागे सुटून तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकतात. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळायचे. त्यांना लागणारा जोर अगदी कमी असतो, पुष्कळ गाड्यांत अर्ध्या ते एक किलोग्रॅम-मीटरपर्यंत. लांब दांड्याचा पाना इथे शत्रूच समजा. बुचाचं पॅकिंग असेल तर इंजिन एकदा तापून निवल्यावर पुन्हा हलका हात फिरवावा.

हे सगळं आम्ही एका रविवारी सकाळी केलं. दुपारच्या जेवणाच्या आत गाडी उभी होती आणि सोमवारी वहिनी वेळेवर दवाखान्यात पोचल्या. तेलकट चिंध्या आणि धुण्याचं पाणी गटारात न सोडता डब्यात भरून, जुनं तेल गोळा करणाऱ्याकडे दिलं. पुठ्ठा मात्र आठवडाभर रोज रात्री गाडीखाली घातला. तिसऱ्या दिवशी सकाळी नाना तो पुठ्ठा घेऊन जिना चढून आले, चेहरा पडलेला. पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग होता. बोट लावून पाहिलं. पाणी होतं ते, ए. सी.चं.