नववीतलं नत्रचक्र



सकाळपासून चौघांनी विचारलं, "तू सॉफ्टवेअरवाली, मग माशांच्या नादाला कशी लागलीस?" तेच थोडक्यात सांगते.

नॉर्वेत सॅल्मनची पिल्लं समुद्रात सोडण्याआधी जमिनीवरच्या टाक्यांत, गोड्या पाण्यात वाढवतात. आता पुष्कळ ठिकाणी तेच पाणी शुद्ध करून पुन्हा पुन्हा फिरवतात. तिथल्या एका केंद्रासाठी देखरेखीचं सॉफ्टवेअर लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

पाणी आधी फिरत्या ड्रमच्या बारीक जाळीतून जातं. विष्ठा, उरलेलं खाद्य तिथे अडतं. पण माशांच्या कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया विरघळलेला असतो, तो जाळीत अडत नाही. त्यासाठी पुढच्या टाकीत प्लास्टिकचे छोटे तुकडे असतात आणि त्यांवर जिवाणूंचा थर. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. हा थर नीट बसायला कित्येक आठवडे लागतात. नंतर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड काढून, ऑक्सिजन मिसळून पाणी परत माशांकडे.

हे ऐकताना मला बाईंनी फळ्यावर काढलेलं नत्रचक्र आठवलं. मी ते घडाघडा पाठ केलं होतं. मार्कही पूर्ण मिळाले होते!

मग एका रात्री पंप बंद पडला. गच्च भरलेल्या टाकीत ऑक्सिजन काही मिनिटांत संपत येतो. सेन्सरने आकडे बरोबर पाठवले. पण खोटे अलार्म वाजू नयेत म्हणून मी दहा मिनिटांची सरासरी धरली होती. ती सरासरी मर्यादेखाली येऊन अलार्म वाजला, माणूस धावत आला, तोवर टाकीतले बहुतेक मासे मेले होते. प्रोग्रॅम मी लिहिला तसाच चालला होता. मासा किती वेळ तग धरतो, हे मात्र मी कुणाला विचारलंच नव्हतं. चूक माझीच होती, आणि ती मी तिथल्या लोकांसमोर कबूल केली.

आता ऑक्सिजनच्या अलार्मसाठी सरासरी नाही. आकडा घसरला की लगेच घंटा. कधी उगाच कुणाची झोपमोड होते, पण ती परवडते.

बाई, तुम्ही विचारायचात, "समजलंय, की नुसतं पाठ केलंयस?" तेव्हा मी खोटं बोलले होते. आज खरं उत्तर दिलं.